लेकीला छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली तर



गटाच्या बैठकीत हल्ली एक प्रश्न हमखास येतो. मुलगी इंजिनिअर झाली, पुण्यात नोकरी लागली, पण कंपनीचं नाव कुणी ऐकलेलं नाही, माणसं वीस-पंचवीसच. पाठवावं का? रत्नागिरीत फिनोलेक्स अकादमी आहे, शासकीय तंत्रनिकेतन आहे, देवरुखजवळ आंबवला राजेंद्र माने कॉलेज आहे. आपल्या वाड्यांमधल्या मुली तिथे शिकतात. सगळ्यांनाच मोठ्या कंपनीत जागा मिळत नाही. म्हणून आज या छोट्या कंपनीतल्या नोकरीबद्दल बोलू.

आधी ती तिथे करते काय? आपल्याच हिशेबाचं उदाहरण घ्या. गटातून 10,000 रुपये कर्ज घेतलं, महिन्याला 2 टक्के व्याज. पहिल्या महिन्याचं व्याज 200 रुपये. मुद्दलातले 1,000 फेडले की पुढचं व्याज 9,000 वर, म्हणजे 180 रुपये. हे गणित संगणकाला शिकवायचं, ते सॉफ्टवेअर. त्यात चूक राहिली आणि तो 200 च दाखवू लागला, तर प्रत्येक बाईचे 20 रुपये जास्त जातील. अशी चूक शोधणं, दुरुस्त करणं आणि पुन्हा तपासणं, हे नव्या इंजिनिअरचं रोजचं काम. तिने केलेलं काम वरिष्ठ बघतात, मगच ते ग्राहकाकडे जातं. एक चूक सापडायला कधी दोन दिवस लागतात. म्हणून ती नुसती बसलेली दिसली तरी काम चालूच असतं.

मोठ्या कंपनीत आधी काही महिने शिकवतात. छोट्या कंपनीत पहिल्या आठवड्यापासून काम अंगावर येतं. ताण असतो, पण दोन वर्षांत मुलगी बरंच शिकते. आणि छोटं म्हणजे कमी, असं समजू नका. साताऱ्याच्या रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे. धाकटे भाऊ संजय यांनी संगणकातल्या व्हायरसवर सॉफ्टवेअर लिहिलं. त्यातून क्विक हील कंपनी उभी राहिली आणि 2016 साली शेअर बाजारात गेली. पण छोट्या कंपनीचा एखादा मोठा ग्राहक गेला तर पगारही लांबतो, हेही खरं. म्हणून निघण्याआधी, तिथे काम करणाऱ्या एखाद्या मुलीशी लेकीला बोलायला सांगा. पगार वेळेवर होतो का, एवढं विचारलं तरी पुष्कळ कळतं.

आता पैशांचं. ‘पॅकेज 3 लाख’ म्हणजे महिन्याला 25,000 हातात, असं नव्हे. समजा मूळ पगार 12,500 आहे. त्याच्या 12 टक्के, म्हणजे 1,500 रुपये, भविष्य निर्वाह निधीत तिचे जातात आणि तेवढेच कंपनी भरते. कंपनीचा वाटाही बहुधा पॅकेजमध्येच धरलेला असतो. मग हातात साधारण 22,000 येतात. तिचा वाटा बुडत नाही, तिच्याच खात्यात साठतो. तिला यूएएन नंबर घ्यायला सांगा आणि दर महिन्याला पैसे जमा होतात का ते बघायला सांगा.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. नोकरी देण्यासाठी कुणी ‘डिपॉझिट’ किंवा ‘ट्रेनिंग फी’ मागत असेल तर थांबा. आमच्याकडे एक ताई अशाच 50,000 रुपयांसाठी गटाकडे कर्ज मागायला आल्या होत्या. कंपनीचा पत्ता विचारला, तर फक्त मोबाईल नंबर! गटाने कर्ज दिलं नाही. ताई रुसल्या, पण महिनाभरात तो नंबरच बंद झाला. नोकरी करणाऱ्याला पगार मिळतो, त्याने पैसे भरायचे नसतात.

नेमणूक पत्र लेखी घ्या. मूळ गुणपत्रिका कुणाकडे ठेवू नका, झेरॉक्स द्या. बाँड असेल तर सही करण्याआधी वाचा: किती वर्षं, किती रक्कम. बाँड मोडला म्हणून पोलीस पकडून नेत नाहीत, तो दिवाणी मामला असतो. पण सही केलीत तर कंपनी भरपाई मागू शकते.

सुरक्षिततेचंही सांगते. 2013 च्या कायद्याने दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीत लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती हवीच. त्याहून कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तक्रार लेखी, तीन महिन्यांच्या आत.

शेवटी आपल्या घरातलं. काही मुली गावात राहूनच काम करतात. घरात आहे म्हणून तिला पाणी भरायला, पाहुण्यांना चहा करायला उठवू नका. ती ऑफिसातच आहे असं समजा. परदेशी ग्राहक असेल तर रात्री नऊलाही फोन येतो, तेव्हा संशय घेऊ नका. आणि पावसाळ्यात लाईट गेली की नेट जातं, म्हणून इन्व्हर्टरसाठी कर्ज मागितलं तर गटाने जरूर विचार करावा. शेळीसाठी देतो, शिलाई मशीनसाठी देतो, तसंच हेही कमाईचं साधन आहे.

पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. ज्यांच्या मुली शेवटच्या वर्षाला आहेत, त्यांना पुढे बसवा. भेटू पुढच्या वेळी. नमस्कार.