शिष्यवृत्ती परीक्षेचा निकाल कसा वाचावा?

दरवर्षी निकालाचे दिवस आले की ठाणे, कल्याण, डोंबिवलीत शाळांच्या फाटकांवर फलक लागतात. 'शिष्यवृत्ती परीक्षेचा निकाल १०० टक्के' असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते. आपल्या वस्त्यांतील पालक तो फलक वाचून शाळा चांगली की वाईट हे ठरवितात. आम्ही बँकेत कारकून. आकड्यांशी रोजचाच संबंध. या आकड्यामागे नेमके काय असते, हे स्मरणिकेच्या निमित्ताने समाजबांधवांपुढे आणि विद्यार्थ्यांपुढे मांडावे असे वाटले.

काही वर्षांपूर्वी एक ताई काउंटरवर आल्या. हातात मुलीचे गुणपत्रक आणि पासबुक. "साहेब, पोरगी पात्र झाली असं कागदावर लिहिलंय. मग पैसे कधी जमा होणार?" त्यांना उत्तर देताना आमची जीभ अडखळली. 'पात्र' ठरणे आणि शिष्यवृत्ती मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना तोवर कोणीच सांगितले नव्हते.

आपल्याकडे ही परीक्षा १९५४-५५ पासून चालत आली आहे. अनेक वर्षे ती चौथी व सातवीला होती. २०१६-१७ पासून ती पाचवी व आठवीला झाली, आणि २०२५ साली शासनाने ती पुन्हा चौथी व सातवीला नेण्याचा निर्णय घेतला. परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. सर्व मुलांना एकाच दिवशी सारखेच प्रश्न आणि सारखाच वेळ, म्हणून तिला प्रमाणित परीक्षा म्हणता येते.

पाचवीसाठी दोन पेपर ठरविण्यात आले. पहिल्यात प्रथम भाषा ५० गुण व गणित १०० गुण. दुसऱ्यात इंग्रजीसारखी तृतीय भाषा ५० गुण व बुद्धिमत्ता चाचणी १०० गुण. प्रत्येक पेपरात ७५ प्रश्न आणि वेळ दीड तास, म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. प्रत्येक पेपरात किमान ४० टक्के, म्हणजे १५० पैकी ६० गुण मिळविणारा विद्यार्थी 'पात्र'. परंतु शिष्यवृत्त्यांची संख्या ठरलेली असते. त्या गुणवत्ता यादीप्रमाणे वाटल्या जातात. शहरी यादीत आपल्या वस्तीतल्या मुलाची स्पर्धा मोठमोठ्या शाळांतील, खाजगी क्लासला जाणाऱ्या मुलांशी असते. म्हणून पात्र पुष्कळ होतात, शिष्यवृत्तीधारक थोडे. २०२३ साली पाचवीसाठी ही रक्कम वर्षाला ५००० रुपये करण्यात आली. वह्या, गणवेश, दप्तर यांचा हिशेब करणाऱ्या घरात ही रक्कम लहान नव्हे.

आता फलकावरच्या टक्क्यांकडे वळू. समजा, एका शाळेत वर्गाचा पट ४० आहे. परीक्षेला ८ मुले बसविली, आठही पात्र झाली. निकाल १०० टक्के! शेजारच्या शाळेचा पटही ४०. तेथे ३० मुले बसविली, १८ पात्र झाली. निकाल ६० टक्के. फलक पहिल्या शाळेचा मोठा. पण पटाच्या हिशेबाने पहिल्या शाळेत २० टक्के मुले पात्र झाली आणि दुसरीत ४५ टक्के. ताळेबंदात जमेची बाजू तेवढी पाहून बँक नफ्यात आहे असे कोणी म्हणत नाही. तोच नियम येथेही लावला पाहिजे.

हे उदाहरण समजुतीसाठी घेतले असले तरी दुखणे खरे आहे. आमच्या सख्ख्या भाच्याचा फॉर्म भरलाच गेला नाही. बहिणीने विचारले तेव्हा "तो कच्चा आहे, निकाल खाली येईल," असे उत्तर मिळाले. शाळेचे नाव लिहून काय उपयोग? शिकलेला मामा असूनही आम्ही मुदत संपेपर्यंत चौकशी केली नाही, हा दोष आमचाही आहे.

आणखी एक गोष्ट. 'बुद्धिमत्ता चाचणी' हे नाव ऐकून पालकांना वाटते की गुण कमी म्हणजे मूल मंदबुद्धी. वास्तविक हा एकूण ३०० पैकी १०० गुणांचा, एक तृतीयांश भाग आहे, आणि मराठी-गणितासारखे त्याचे पाठ्यपुस्तक रोज वर्गात उघडले जात नाही. संख्यामालिका, आरशातील प्रतिमा, सांकेतिक भाषा हे प्रकार ज्याने शंभर वेळा सोडविले त्याला ७२ सेकंद पुरतात. ज्याने प्रथमच पाहिले त्याचा वेळ प्रश्न समजण्यातच जातो. हा फरक पुष्कळसा सरावाचा आहे.

१९०७ साली एल्फिन्स्टन हायस्कूलमधून भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. म्हणजे ३७.६ टक्के. ती परीक्षा वेगळी, काळ वेगळा. पण तो आकडा पाहून कोणी 'कच्चा मुलगा' म्हटले असते तर? त्याऐवजी सत्कार सभा झाली, आणि केळुस्कर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. पुढे १९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. गुणांनी त्या दिवसाची स्थिती कळते, मुलाचा शेवट कळत नाही.

म्हणून पालकांनी शाळेत चार आकडे विचारावेत. पट किती? बसविले किती? पात्र किती? शिष्यवृत्तीधारक किती? फॉर्मची मुदत संपण्यापूर्वी आपल्या मुलाचे नाव यादीत आहे की नाही ते पाहावे. महाविद्यालयात शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी रविवारचे दोन तास विहारात द्यावेत. लहानग्यांना घड्याळ लावून प्रश्न सोडवायला आणि उत्तरपत्रिकेवरील वर्तुळे नीट काळी करायला शिकवावे. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नये, हेही सांगावे.

आणि मंडळाने सत्कार करताना यादीत आलेल्यांबरोबर परीक्षेला बसलेल्या प्रत्येक मुलाला एक वही तरी द्यावी. ज्याला कोणी परीक्षेलाच बसवीत नव्हते, तो मुलगा बसला, हेही यश मोजले गेले पाहिजे.