रान कोणत्या विषयात येते?

झाडाचा अभ्यास जीवशास्त्रात, बाजारभावाचा अर्थशास्त्रात आणि माणसांचा समाजशास्त्रात, अशी वाटणी आपण शाळेपासूनच करतो. रान मात्र ही वाटणी मानत नाही. ॲमेझॉनच्या जंगलातील ब्राझील नटचे झाड पाहू.

या झाडाच्या फुलांवर झाकणासारखा भाग असतो. तो उचलण्याइतकी ताकद मोठ्या मधमाश्यांमध्येच असते, आणि या माश्यांना सभोवती जंगल लागते. फळ पिकायला वर्षाहून अधिक काळ जातो. त्याचे टणक कवच अगूटी नावाचा प्राणी कुरतडून फोडतो. काही बिया खातो, काही पुरून ठेवतो. पुरून विसरलेल्या बियांतून रोपे उगवतात. ब्राझीलमध्ये हे झाड तोडायला कायद्याने बंदी आहे. पण भोवतालचे रान साफ करून कुरण केले, की एकटे उरलेले झाड फारसे फळत नाही. झाड वाचते, वंश खुंटतो.

पश्चिम ब्राझीलमधील आक्रे राज्यात रबराचा चीक काढणारी कुटुंबे पावसाळ्यात या बिया गोळा करतात. जंगलतोडीविरुद्ध लढणारे त्यांचे नेते चिको मेंडेस यांची १९८८ मध्ये हत्या झाली. १९९० मध्ये त्यांच्या नावाने राखीव क्षेत्र झाले. तेथे जमीन सरकारची आणि वापराचा हक्क रहिवाशांचा. आता प्रश्न असा, की बियांचा भाव पडला आणि कुटुंब गुरांकडे वळले तर काय? माशी, बाजार, कायदा आणि घरखर्च ही सगळी एकाच गणितातली पदे आहेत.

असे गणित सोडवणारी माणसे कशी घडवायची? अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठात १९८० च्या दशकात ‘उष्णकटिबंधीय संवर्धन आणि विकास’ हा कार्यक्रम उभा राहिला. पदव्युत्तर विद्यार्थी आपापल्या विभागातच राहतात आणि जोडीला हा सामाईक अभ्यासक्रम करतात. त्यांतील अनेकजण लॅटिन अमेरिका, आफ्रिका, आशिया येथून, प्रत्यक्ष कामाचा अनुभव घेऊन आलेले असतात. त्यामुळे ते नुसते श्रोते राहत नाहीत. मोजणी येते, पण गावाची बैठक कशी चालवायची? दोन गटांचे भांडण कसे मिटवायचे? असे प्रश्न क्षेत्रकार्यातूनच वर्गात येतात. म्हणून सभा चालवणे आणि तंटे सोडवणे ही कौशल्येही येथे अभ्यासाचा भाग आहेत. निष्कर्ष गावाला परत सांगणे हेही संशोधनाचेच काम, हा विचारही त्यातलाच.

आपल्या वर्गातही हे करता येईल. गावातले लोकांच्या उपयोगाचे एक झाड निवडा. एका गटाने त्याचे कीटक व पक्षी नोंदवावेत, दुसऱ्याने त्याच्या मालाचा भाव, तिसऱ्याने त्यावर हक्क कोणाचा ते विचारावे. मग तिन्ही गटांना एकत्र बसवून विचारू या : हे झाड पन्नास वर्षांनी असेल का? उत्तर एकट्या गटाला देता येणार नाही, हे मुलांच्याच लक्षात येईल. पुढचे प्रश्न त्यांनाच ठरवू द्यावेत.