करवतीचा वेग कोठे अडतो?

दवनीवाड्यात वादळ होऊन गेले आहे आणि धानाच्या बांधीच्या धुऱ्यावरची बाभूळ रस्त्यावर आडवी पडली आहे, अशी कल्पना करा. ती तोडण्यासाठी पेट्रोलवर चालणारी साखळी-करवत आणली. दोरी ओढताच इंजिन सुरू झाले. मंद गतीला ते ठीक चालते, पण रेस दिली की घुसमटते, पूर्ण वेग घेतच नाही. असे का व्हावे?

या करवतीचे इंजिन जुन्या लूनासारखे टू-स्ट्रोक असते. मंद चालताना ते मिनिटाला सुमारे २,८०० फेरे घेते, तर पूर्ण वेगात १२,००० किंवा त्याहून अधिक. म्हणजे सेकंदाला २०० फेरे आणि प्रत्येक फेऱ्यात एक स्फोट! एवढे स्फोट घडवायला हवाही तशीच लागते. १ ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १५ ग्रॅम हवा लागते. हिशेब केलात तर १ लीटर पेट्रोलला सुमारे ९,००० लीटर हवा लागेल. २०० लीटरची ४५ पिंपे भरतील एवढी!

आता उलगडा होईल. हवेच्या गाळणीवर भुसा साचला तरी मंद गतीपुरती हवा मिळते, पूर्ण वेगाला मात्र ती अपुरी पडते. धूर बाहेर सोडणारी सायलेन्सरची जाळी काजळीने बुजली तरी तेच होते. जुना धूर बाहेर पडल्याशिवाय नवे मिश्रण आत येणार कसे?

पेट्रोलही अडू शकते. तेलाच्या पत्र्याच्या डब्याला एकच भोक पाडले, तर तेल थोडे वाहून थांबते. दुसरे भोक पाडून हवा आत जाऊ दिली की धार नीट लागते. करवतीच्या टाकीलाही हवा आत जाण्याची बारीक वाट असते. ती बुजली की टाकीतील दाब घटतो आणि पेट्रोल पुरेसे येत नाही. टाकीचे झाकण सैल करताच इंजिनाने जोर धरला, तर दोष सापडलाच!

दोष हवेचा की पेट्रोलचा, हे बरेचदा स्पार्क प्लगच सांगतो. टोक काळे व ओलसर असेल, तर हवा कमी पडते. पांढुरके असेल, तर पेट्रोल कमी पडते. फिकट तपकिरी रंग चांगला.

इंजिन मोकळे असताना जोरात फिरते, पण लाकडात दबते, असे असेल तर साखळी पाहावी. धारदार साखळी लाकडाच्या बारीक ढलप्या काढते, बोथट साखळी पीठ पाडते. तेच पीठ गाळणी बुजवते, म्हणजे एका दोषातून दुसरा जन्मतो! साखळी फार ताणलेली नाही ना, तिचा ब्रेक अडकलेला नाही ना, हेही पाहावे.

हे काही न पाहता कित्येकजण कार्बुरेटरचा स्क्रू पिळून पेट्रोल कमी करतात. वेग वाढतो खरा, पण या इंजिनाचे वंगण पेट्रोलमध्येच मिसळलेले असते. अनेक करवतींत ५० भाग पेट्रोलला १ भाग तेल असते. पेट्रोल घटले की तेलही घटते. वर मिश्रण विरळ झाल्याने उष्णता वाढते. दट्ट्या सिलिंडरला घासून अडकतो आणि गाळणी धुऊन जे काम भागले असते, त्यासाठी नवे इंजिन घ्यावे लागते.

म्हणून क्रम लक्षात ठेवा: आधी साखळी व ब्रेक, मग हवेची गाळणी, सायलेन्सरची जाळी, टाकीची वाट व पेट्रोलची गाळणी. स्क्रू सर्वांत शेवटी, तोही जाणकाराच्या हाती. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर दोष कशाने गेला हे कळणार नाही. प्रयोगशाळेतही आपण हेच करतो, नाही का?

मात्र एक पथ्य पाळा. तपासणी करणाऱ्या मोठ्या माणसाने इंजिन बंद करून, थंड होऊ देऊन, प्लगची टोपी काढल्यावरच हात घालावा. तुम्ही घरी तेलाच्या रिकाम्या डब्यात पाणी भरून दोन भोकांचा प्रयोग करून पाहा.