ज्याचा ॲडव्हान्स, त्याचा माल

तळेगाव एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी परचेस बघतो. त्यामुळे कोरोनाच्या लशींच्या बातम्या वाचताना माझं लक्ष आधी जायचं ते ऑर्डर कुणी, कधी आणि कितीला दिली याकडे.

अमेरिकेनं मे २०२० मध्येच ऑक्सफर्ड-ॲस्ट्राझेनेकाच्या ३० कोटी डोससाठी १२० कोटी डॉलरपर्यंत मोजायची तयारी दाखवली. लस तेव्हा चाचणीतच होती. जुलैत फायझरशी १० कोटी डोसचा, १९५ कोटी डॉलरचा करार. एक कंपनी फसली तरी दुसरी हाताशी. कॅनडानं तर लोकसंख्येच्या कितीतरी पट डोस राखून ठेवले. यात बेकायदा काहीच नाही. आमच्याकडेही ज्याचा ॲडव्हान्स आधी, त्याची गाडी आधी भरते. पण आमचा माल उशिरा आला तर लाइन थांबते, माणूस दगावत नाही.

दराचंही तेच. ॲस्ट्राझेनेकाच्या लशीच्या चाचण्यांसाठी दक्षिण आफ्रिकेच्या लोकांनी दंड पुढे केले, आणि त्याच देशाला पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं बनवलेला तिचा डोस ५.२५ डॉलरला पडला. युरोपियन युनियनला ॲस्ट्राझेनेकाकडून तो निम्म्याहून कमी दरात. संशोधनात युरोपनं पैसा घातला होता, असं कारण दिलं गेलं.

गरीब देशांनाही लस मिळावी म्हणून कोव्हॅक्स निघालं. तळेगावकराला ते फार समजावून सांगावं लागत नाही. लोकांकडून पैसा-पैसा गोळा करून उभारलेल्या पैसा फंडातून १९०८ मध्ये आमच्या गावात काचेचा कारखाना सुरू झाला. कोव्हॅक्सही तसाच सामाईक गल्ला. फक्त इथले मोठे वर्गणीदार आपली खरेदी परस्पर उरकून बसले होते.

शिवाय कोव्हॅक्सची सुरुवातीची मोठी भिस्त एकाच सप्लायरवर, पुण्याच्या सीरमवर. असं मी केलं असतं तर साहेबांनी दारात उभं केलं नसतं. २४ फेब्रुवारी २०२१ ला कोव्हॅक्सचे पहिले ६ लाख डोस घानात उतरले, ते पुण्याचेच. महिन्याभरात इथं दुसरी लाट उसळली आणि निर्यात थांबली. कोव्हॅक्सला माल पुन्हा सुटला तो नोव्हेंबरअखेर. सप्टेंबर संपला तेव्हा आफ्रिकेच्या ५४ पैकी जेमतेम १५ देशांत १० टक्के लोकांचं लसीकरण पूर्ण झालं होतं.

निर्यात थांबवल्याबद्दल मी सरकारला बोल लावणार नाही. ते दिवस आपण पाहिलेत. माझी तक्रार आधीची आहे. एवढ्या मोठ्या देशाची सीरमला पहिली ऑर्डर गेली ११ जानेवारी २०२१ ला, १ कोटी १० लाख डोसची! वर अमेरिकेनं स्वतःच्या कारखान्यांना प्राधान्य दिल्यानं लशीसाठी लागणाऱ्या पिशव्या आणि फिल्टर अडकले. कच्चा माल अडकला की काय होतं, हे चाकणच्या कुठल्याही व्हेंडरला विचारा.

मे २०२१ मध्ये हाच खेळ मावळात दिसला. स्लॉट उघडला की काही मिनिटांत संपायचा. शहरातली मंडळी मोबाइलवर बुकिंग करून गाड्या घेऊन खेड्यातल्या केंद्रांवर यायची. आमच्या कॅन्टीनमधल्या पोराकडे बटणांचा फोन. तो रोज विचारायचा, ‘‘साहेब, माझं कधी?’’

मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य सभेनं महामारी करार मंजूर केला. पुढच्या साथीत लस कंपन्यांनी उत्पादनाचा २० टक्के हिस्सा जागतिक आरोग्य संघटनेला द्यावा, त्यातला निदान निम्मा फुकट, असं त्यात आहे. तो कसा द्यायचा याचं परिशिष्ट मात्र पुढं ढकललं. डिलिव्हरी शेड्यूल न जोडलेल्या करारावर मी ॲडव्हान्स सोडत नाही.