कॅन्टोचं ताट, ओवेनचं ताट

दोन माकडांचा तो फोटो तुमच्याही फीडवर कधीतरी आला असेल. एक तुकतुकीत केसांचं, तरतरीत. दुसऱ्याची कातडी लोंबलेली, डोळे खोल गेलेले. आणि वर ठळक कॅप्शन : कमी खा, तरुण राहा!

फोटो खरा आहे. तरतरीत तो कॅन्टो, थकलेला तो ओवेन. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या प्रयोगातली ही ऱ्हीसस माकडं. ओवेन कॅन्टोपेक्षा दोनेक वर्षांनी मोठा होता, हे मात्र कॅप्शनमध्ये कधीच नसतं.

उंदरांना कमी कॅलरीज दिल्या की ते जास्त जगतात, हे १९३५ पासून माहीत होतं. माकडांचं काय, हे बघायला १९८९ मध्ये विस्कॉन्सिनचा प्रयोग सुरू झाला. एकूण ७६ माकडं. निम्म्यांना हवं तेवढं खायला, निम्म्यांना ३० टक्के कमी. २००९ मध्ये निकाल आला, तेव्हा कमी खाणाऱ्या गटात हृदयविकाराचं प्रमाण निम्मं होतं. डायबेटिस तर एकालाही नव्हता.

हृदय म्हणजे पंप, हे आपण शाळेपासून घोकतो. पण या पंपाला दाबण्याइतकंच सैल पडणंही जमावं लागतं. दोन ठोक्यांच्या मधे तो नीट सैल पडला तरच आत रक्त भरतं. वय झालेल्या किंवा लठ्ठ प्राण्यांमध्ये अनेकदा आधी बिघडतं ते हेच. हृदयाची भिंत जाड, ताठर होते. रक्त बाहेर फेकण्याची ताकद तेव्हाही ठीकठाक असते, त्यामुळे बिघाड पटकन कळतही नाही. २०१४ मध्ये सिएटलच्या संशोधकांनी म्हाताऱ्या उंदरांच्या कॅलरीज दहा आठवडे ४० टक्क्यांनी कमी केल्या, तर त्यांची हृदयं पुन्हा बऱ्यापैकी सैल पडायला लागली. म्हातारपणी, आणि तेही फक्त दहा आठवड्यांत! हे वाचून मीही दोन दिवस मेसमधला तिसरा पराठा सोडला होता.

पण थांबा. अमेरिकेच्याच नॅशनल इन्स्टिट्यूट ऑन एजिंगने १९८७ पासून असाच प्रयोग चालवला होता. त्यांचा निकाल २०१२ मध्ये आला : कमी खाणारी माकडं इतरांपेक्षा जास्त जगली नाहीत.

मग खोटं कोण? कुणीच नाही. गोम ताटात होती. विस्कॉन्सिनच्या खाद्यात २८ टक्क्यांच्या आसपास साखर होती, आणि ओवेनच्या गटाला ते पोटभर मिळायचं. दुसऱ्या प्रयोगात साखर चारेक टक्के, आणि तिथल्या 'नॉर्मल' गटालाही मोजूनच वाढलं जायचं. म्हणजे तिथली नॉर्मल माकडं मुळात लठ्ठ नव्हतीच. त्यांचं ताट आणखी कापून फारसा फरक पडला नाही. माझ्या मते, विस्कॉन्सिनमध्ये कॅन्टो जिंकला त्यापेक्षा ओवेन हरला, असं म्हणणं जास्त बरोबर.

वजन उतरलं की हृदय सुधारलंच, असंही नाही. लेप्टिन हे भूक आवरणारं हॉर्मोन ज्यांच्यात बनतच नाही, असे उंदीर प्रयोगशाळेत असतात. ते अखंड खातात, फुगतात, आणि त्यांच्या हृदयाच्या भिंती जाड होतात. २००३ च्या एका प्रयोगात अशा काही उंदरांना लेप्टिन दिलं, काहींचं फक्त खाणं कमी केलं. वजन दोन्ही गटांचं उतरलं. भिंतींची जाडी मात्र लेप्टिनवाल्यांचीच ओसरली. काट्यावर दोघे सारखे, आतून वेगळे.

२०१७ मध्ये माकडांवर काम करणाऱ्या दोन्ही गटांनी आपापला डेटा एकत्र मांडला. फायदा दिसला तो पूर्ण वाढ झाल्यानंतर आहार कमी केलेल्या माकडांत. लहान वयातच ताट कापलेल्यांना तसा फायदा मिळाला नव्हता. सेमिस्टर संपायच्या आत सिक्स पॅक हवेत म्हणून एका वेळच्या जेवणावर आलेल्या आपल्या ग्रुपमधल्या मित्राला हे जरूर सांगा.

आणि कॅन्टोच्या ताटाबद्दल हेही सांगा : ३० टक्के कमी केल्या होत्या त्या फक्त कॅलरीज. जीवनसत्त्वं आणि क्षार कमी पडू नयेत म्हणून त्याच्या खाद्यात ते मुद्दाम वाढवलेले होते. नुसत्या ब्लॅक कॉफीवर त्याला कुणी एक दिवसही ठेवलं नव्हतं.