पोत्यातलं मीठ आणि गाडीचा पत्रा

कॅनडा-अमेरिकेत राहणारी आपली माणसं हिवाळ्यात गाडी खालून धुऊन घेतात. तिकडे रस्त्यावरचा बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतात आणि तेच मीठ गाडीचा तळ खातं. हिंगोलीत बर्फ पडत नाही. पण वसमत, कळमनुरी किंवा सेनगावकडच्या खतं वाहणाऱ्या एखाद्या जुन्या ट्रॉलीखाली वाकून पाहा. फाळक्याचा रंग शाबूत असतो आणि खाली, सांध्यांच्या कोपऱ्यांत, पत्र्याचे पापुद्रे सुटलेले दिसतात. इथलं मीठ खताच्या पोत्यातून आलेलं असतं.

दुकानात ज्याला नुसतं ‘पोटॅश’ म्हणतात ते म्युरिएट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. बर्फावर टाकतात ते सोडियम क्लोराइड. लोखंडाला या दोघांत फारसा फरक नाही, कारण घात करतो तो क्लोराइड. पोटॅशच्या 50 किलोंच्या पोत्यात 22 किलोंच्या आसपास क्लोराइडच असतो. 10:26:26 या मिश्र खतातलं पालाशही (पोटॅशियम) बहुधा याच पोटॅशमधून आलेलं असतं. हळदीला पालाश भरपूर लागतं आणि हिंगोली जिल्हा हळदीचा. त्यामुळे हे मीठ ट्रॉलीतून, पिकअपमधून, मोटारसायकलवरून, कधी कारच्या डिकीतूनही शेतावर पोचतं. फुटक्या पोत्यातून सांडलेले दाणे तिथेच राहतात.

गंजायला लोखंड, पाणी आणि प्राणवायू पुरेसे असतात. लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन सोडून विरघळतात, शेजारच्या जागी प्राणवायू ते इलेक्ट्रॉन घेतो, आणि मधलं पाणी हे चक्र पूर्ण करतं. शुद्ध पाण्यातून वीज जेमतेम वाहते, खारट पाण्यातून सहज वाहते. शिवाय क्लोराइड छोट्या खड्ड्यांत साठतो आणि तिथलं पाणी आम्लधर्मी करतो. म्हणून पत्रा सगळीकडे सारखा झिजत नाही, त्याला जागोजागी भोकं पडतात.

खरी मेख हवेच्या दमटपणात आहे. पाण्यात विरघळणारं प्रत्येक खत एका ठरावीक आर्द्रतेच्या वर हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळू लागतं. 30 अंश सेल्सिअसला ही मर्यादा युरियासाठी 73 टक्क्यांच्या आसपास, तर पोटॅशसाठी 84. दोन्ही एकत्र सांडले तर ती 60 टक्क्यांपर्यंत उतरते. म्हणजे आपण एका फेरीत दोन खतं आणतो तेव्हा पाऊस नसतानाही ट्रॉलीचा तळ ओला राहू शकतो. उन्हाळ्यात कोरडे पडून असलेले दाणे जूनची हवा लागताच पुन्हा कामाला लागतात. उघडीप आणि सरी आलटून पालटून येतात ते दिवस सर्वांत वाईट, कारण सुकत आलेल्या पाण्याच्या पातळ थरातून प्राणवायू धातूपर्यंत झटकन पोचतो.

त्यात भर आपल्या काळ्या मातीची. या मातीतले चिकणमातीचे कण पाणी धरून ठेवतात. मडगार्डच्या आत चिकटलेला चिखल ओल्या गोणपाटासारखा आठवडाभर पत्र्याला बिलगून राहतो. चिखलाखाली प्राणवायू कमी, कडेला जास्त. या फरकामुळेच झाकलेला भाग जास्त गंजतो. वरून चकचकीत दिसणारी गाडी आतून सडते ती अशी. आपण धुतो ते बॉनेट आणि दरवाजे, आणि धुवायला हवा तो नेमका न दिसणारा भाग. मला ही सवय मनापासून बदलावीशी वाटते. ट्रॅक्टर-ट्रॉली ही कर्ज काढून घेतलेली वस्तू असते. हप्ते फिटण्याआधी तिचा तळ जाऊ नये.

खत उतरवलं की आधी कोरडंच झाडून काढावं, मग त्याच दिवशी भरपूर गोड्या पाण्याने खालून धुवावं. बोअरचं पाणी मचूळ असेल तर शेवटचा हात तरी गोड्या पाण्याचा फिरवावा. चिखल पूर्ण सुटला पाहिजे. नुसता भिजवून सोडला तर उलट नुकसान होतं. दरवाज्यांच्या खालच्या कडेला पाणी निघायला बारीक छिद्रं असतात, ती काडीने मोकळी करावीत. डिकीत पोतं ठेवायचंच असेल तर खाली जाड ताडपत्री हवी. आणि जळकं तेल? पुष्कळ शेतकरी पावसाळ्याआधी ते फासतात. पण खालचा क्षार न धुता फासलं तर तो आतच अडकतो, आणि हे तेल रबरी भागांनाही सोसत नाही. तळ धुऊन, पूर्ण वाळवून, गंज खरवडून रेडऑक्साइड आणि त्यावर रंग, हा क्रम जास्त टिकाऊ.

सुपर फॉस्फेटची गोष्ट थोडी वेगळी. त्यात उरलेलं आम्ल असतं, त्यामुळे पेरणी यंत्राच्या खताच्या पेटीत ते रात्रभर ठेवू नये.

युरिया लोखंडाला त्या मानाने सौम्य, पण मातीत त्याचा अमोनिया होतो आणि अमोनिया पितळेचा वैरी. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसं भारतात पावसाळ्यात तबेल्यांजवळ ठेवली की त्यांना चिरा जात. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि घडवताना पितळेत राहिलेला ताण, हे तिहेरी कारण 1921 मध्ये स्पष्ट झालं. युरिया फवारणाऱ्या पंपाचा पितळी नोझल आणि गाडीच्या वायरिंगची तांब्या-पितळेची टोकं याच अमोनियाच्या वाटेवर असतात; फवारणी संपली की पंपातून दोनदा स्वच्छ पाणी मारून नोझल सुटा करून वाळवावा.