पेन्शनच्या हिशेबातून निघालेली पदवी

महाराष्ट्रातल्या कुठल्याही विद्यापीठाचं अलीकडचं ग्रेडकार्ड हातात घ्या. विषयाचं नाव, मिळालेले गुण, ग्रेड, आणि शेजारी एक अरुंद रकाना: क्रेडिट. कुठे ४, कुठे २. मुलांचं लक्ष गुणांवर असतं, घरच्यांचं एसजीपीएवर. पण पदवी हातात पडणार की नाही, हे ठरतं त्या अरुंद रकान्याच्या बेरजेवर. राज्याने २०२३ साली आखून दिलेल्या नव्या रचनेत तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ क्रेडिट लागतात, चार वर्षांच्या ऑनर्सला १६० ते १७६. ही बेरीज भरली नाही, तर मुख्य विषयात पहिला आलेला मुलगाही पदवीधर होत नाही.

एक क्रेडिट म्हणजे आठवड्याला एक तास, असे साधारण पंधरा आठवडे. प्रात्यक्षिक असेल तर आठवड्याला दोन तास. म्हणजे ४ क्रेडिटचा पेपर हा साठ तासांच्या शिकवण्याचा पेपर. हिशेब सोपा आहे. पण ज्ञान तासांत मोजायची कल्पना मुळात सुचली कोणाला? माग काढत गेलं की आपण १९०५ सालच्या अमेरिकेत जाऊन पोचतो, आणि तिथे विषय निघतो तो शिक्षणाचा नव्हे, प्राध्यापकांच्या म्हातारपणाचा.

पोलादाच्या धंद्यात अफाट पैसा मिळवलेले अँड्र्यू कार्नेगी हे कॉर्नेल विद्यापीठाचे विश्वस्त होते. प्राध्यापकांचे पगार किती तुटपुंजे आहेत, हे त्यांना तिथे कळलं. जन्मभर शिकवून निवृत्त होणाऱ्या माणसाला उतारवयात आधार नाही, ही गोष्ट त्यांच्या मनाला लागली. त्यांनी एक कोटी डॉलर काढून दिले आणि त्यातून प्राध्यापकांना मोफत पेन्शन द्यायची संस्था उभी राहिली, कार्नेगी फाउंडेशन. तिचे पहिले अध्यक्ष हेन्री प्रिचेट. ते तेव्हा बोस्टनच्या एमआयटीचेही अध्यक्ष होते.

पेन्शन द्यायची ती ‘कॉलेज’मधल्या प्राध्यापकांना. पण कॉलेज म्हणायचं कशाला? त्या काळच्या अमेरिकेत हायस्कूलच्या पातळीचं शिकवणाऱ्या कित्येक संस्थाही स्वतःला कॉलेज म्हणवून घेत. मग फाउंडेशनने अटी घातल्या. किमान सहा पूर्णवेळ प्राध्यापक हवेत, चार वर्षांचा अभ्यासक्रम हवा, कुठल्याही धर्मपंथाचा ताबा नको. आणि प्रवेश देताना विद्यार्थ्याने हायस्कूलमध्ये किमान १४ ‘युनिट’ पूर्ण केलेले असावेत. एक युनिट म्हणजे एका विषयाचे वर्षभरातले सुमारे १२० तास. पेन्शनच्या ओढीने काही कॉलेजांनी चर्चशी असलेलं जुनं नातंसुद्धा तोडलं. तासांची अट तर बघता बघता देशभर पसरली. हायस्कूलं तासांत मोजू लागली, कॉलेजंही मोजू लागली. १९१० मध्ये फाउंडेशननेच मॉरिस कुक नावाच्या इंजिनिअरकडून एक अहवाल लिहून घेतला. कारखान्यातलं काम घड्याळ लावून मोजणाऱ्या फ्रेडरिक टेलर यांच्या पठडीतला हा माणूस. एका विद्यार्थ्याचा वर्गातला किंवा प्रयोगशाळेतला एक तास हे कॉलेजच्या कामाचं माप धरावं, असं त्याने सुचवलं.

मोफत पेन्शनचा तो निधी पुढे पुरेना, आणि १९१८ मध्ये वर्गणीवर चालणारी वेगळी विमा संस्था काढावी लागली. मूळ योजना अशी विरून गेली. तिच्यासाठी पाडलेलं माप मात्र समुद्र ओलांडून लातूर-नांदेडच्या ग्रेडकार्डापर्यंत आलं.

पण एका दात्याच्या अटीने एवढी मजल मारली कशी? मला वाटतं, या मापाची गरज त्याआधीच तयार झाली होती, आणि ती तयार केली हार्वर्डने.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकन कॉलेजात सगळ्यांना जवळजवळ एकच अभ्यास असे: लॅटिन, ग्रीक, गणित, थोडं तत्त्वज्ञान. सगळे एकाच वाटेने जाणार असतील तर कोण किती चालला हे मोजायची गरज काय? १८६९ मध्ये चार्ल्स एलियट नावाचे रसायनशास्त्रज्ञ वयाच्या ३५ व्या वर्षी हार्वर्डचे अध्यक्ष झाले आणि चाळीस वर्षं राहिले. त्यांनी सक्तीचे विषय एकेक करून काढून टाकले. १८९७ पर्यंत पहिल्या वर्षाच्या इंग्रजी निबंधलेखनाखेरीज सक्तीचं जवळपास काही उरलं नाही. बाकी काय शिकायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. प्रिन्स्टनचे अध्यक्ष जेम्स मकॉश यांना हे अजिबात पटलं नव्हतं. १८८५ मध्ये न्यूयॉर्कला भरसभेत या दोघांचा जाहीर वाद झाला. अठरा वर्षांच्या मुलाला त्याच्या भल्याचं कळतं का, हा त्या वादाचा गाभा होता. आपल्याकडे दहावीनंतर ‘सायन्स की आर्ट्स’ या प्रश्नावर घराघरांत जे चालतं, तेच.

निवड आली की हिशेब आलाच. एकाने भूगर्भशास्त्र घेतलं, दुसऱ्याने फ्रेंच नाटक घेतलं. दोघांनाही एकच बी.ए. द्यायची, तर दोघांचं शिकणं एकाच मापात बसवायला हवं. पायलीला तिच्यात ज्वारी आहे की हरभरा याच्याशी कर्तव्य नसतं, तसं तासालाही विषयाशी नसतं. हे या मापाचं वैगुण्य आहे, आणि थोरवीही तीच आहे. तास तेवढेच भरले तर संगीताचा पेपर आणि लेखाशास्त्राचा पेपर एकाच तोलाचे ठरतात. शतकानुशतकं विषयांत चालत आलेली उच्चनीच भावना एका साध्या बेरजेने निदान कागदावर तरी पुसली, हे मला विलक्षण वाटतं.

पूर्ण मोकळीक मात्र टिकली नाही. बरेच विद्यार्थी सोपे, प्राथमिक पेपरच गोळा करतात, हे दिसू लागलं. एलियट यांच्यामागून आलेले लोवेल यांनी मधला मार्ग काढला: एका विषयात खोल जायचं, आणि बाकीच्यांतून ठरावीक गटांतले काही पेपर घ्यायचेच. आज ज्याला मेजर आणि बाकीचं ‘जनरल एज्युकेशन’ म्हणतात, त्याचा सांगाडा हाच. पुढची शंभर वर्षं भांडण झालं ते एकाच गोष्टीवर: प्रत्येक पदवीधराला यावंच, असं काय आहे? न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजने पहिलं महायुद्ध संपल्यावर १९१९ मध्ये सगळ्यांना एक समान पेपर लावला, आधुनिक जगाच्या प्रश्नांचा. तो आजही चालू आहे.

मला स्वतःला या प्रश्नाचं सगळ्यात धीट उत्तर वाटतं ते एमआयटीचं. जगभरातून मुलं तिथे जातात ती इंजिनिअरिंगसाठी आणि विज्ञानासाठी. पण तिथली पदवी हवी असेल तर मानव्यविद्या, कला आणि समाजशास्त्रं यांतले आठ पेपर घ्यावेच लागतात. रोबो बनवणारा मुलगा इतिहास किंवा कविता शिकल्याशिवाय सुटत नाही. आणि गंमत म्हणजे उलट दिशेनेही सुटका नाही. एमआयटीत संगीत किंवा तत्त्वज्ञान हा मुख्य विषय घेतलेल्या मुलीलाही कॅल्क्युलसचे दोन, भौतिकशास्त्राचे दोन, रसायनशास्त्राचा एक आणि जीवशास्त्राचा एक पेपर पास व्हावाच लागतो.

तिथल्या प्रत्येक पेपरापुढे तीन आकडे लिहिलेले असतात, उदाहरणार्थ ३-०-९. आठवड्याला तीन तास वर्गात, प्रयोगशाळेत शून्य, आणि नऊ तास स्वतःचा अभ्यास. मिळून बारा. म्हणजे खोलीत बसून एकट्याने डोकं खाजवण्याचा वेळही विद्यापीठाने आधीच मोजून ठेवला आहे! आपल्याकडे इंजिनिअरिंगच्या अभ्यासक्रमात व्याख्यान, ट्युटोरियल आणि प्रॅक्टिकलचे असेच तीन आकडे असतात, पण घरच्या अभ्यासाचा आकडा नसतो. त्या एका आकड्याने केवढा फरक पडतो! स्वतःचं शिकणं हे शिकवण्यापेक्षा तिप्पट मोठं आहे, हे पहिल्याच दिवशी छापील सांगितलेलं असतं.

याखेरीज एमआयटीत पदवीसाठी पोहता यावं लागतं. शंभर यार्ड, म्हणजे ९१ मीटरच्या आसपास, हवे तसे हात मारा पण मध्ये थांबायचं नाही. येत नसेल तर पोहण्याचा वर्ग घ्यायचा. शारीरिक शिक्षणाचे चार वर्गही सक्तीचे. त्यांत ज्याने तिरंदाजी, तलवारबाजी, पिस्तूल आणि शिडाची होडी हे चार निवडले, त्याला संस्था ‘समुद्री चाचा’ असल्याचं रीतसर प्रमाणपत्र देते. जगातल्या सगळ्यात कठीण पदव्यांपैकी एक देणाऱ्या संस्थेने सक्तीच्या अटीतून मुलांसाठी एवढा आनंद काढावा, याचं मला फार अप्रूप आहे.

आपल्याकडच्या सक्तीच्या पेपरांची कुळकथाही काही कमी नवलाची नाही. ‘ईव्हीएस’ माहीत नाही असा गेल्या वीस वर्षांतला पदवीधर विरळा. शाखा कुठलीही असो, पर्यावरणाचा पेपर द्यावाच लागतो. हा पेपर अभ्यासमंडळांना सुचला म्हणून आला नाही, तो सर्वोच्च न्यायालयातून आला. एम. सी. मेहता या वकिलांच्या याचिकेवर १९९१ मध्ये न्यायालयाने सांगितलं, की पर्यावरण हा विषय शिक्षणात आणा. पुढे बारा वर्षं पाठपुरावा झाला, आणि मग विद्यापीठ अनुदान आयोगाने देशातल्या सगळ्या पदवी अभ्यासक्रमांसाठी सहा महिन्यांचा एक समान पेपर आखला. त्याचं पुस्तक लिहिलं पुण्याच्या डॉ. एरक भरुचा यांनी. भरुचा पेशाने शल्यचिकित्सक. जंगलांच्या आणि प्राण्यांच्या ओढीने ते पर्यावरणाकडे वळले आणि भारती विद्यापीठात त्यांनी पर्यावरण शिक्षणाची संस्था उभी केली.

त्या पेपरात पन्नास तास धरले होते आणि त्यांतले पाच तास वर्गाबाहेरचे होते. आपल्या परिसरातली नदी, माळरान किंवा डोंगर बघून त्याची नोंद करायची. प्रदूषण झालेली एखादी जागा बघून यायची. नेहमी दिसणारी झाडं, किडे, पक्षी ओळखायचे. एखादं तळं किंवा डोंगराचा उतार निरखायचा. पुष्कळ ठिकाणी हे पाच तास गेल्या वर्षीची वही उतरवून काढण्यात संपले, आणि मला त्याची फार हळहळ वाटते. कॉमर्सच्या मुलाने आपल्या गावच्या ओढ्याकाठी पाच तास घालवावेत, असं देशाच्या पदवीच्या नियमांत लिहिलेलं होतं. त्याहून सुंदर अट मी तरी कुठल्या नियमावलीत वाचलेली नाही.

तास भरले म्हणजे शिकणं झालं, असं होत नाही, हे खुद्द कार्नेगी फाउंडेशनने १९३० च्या दशकातच मान्य केलं होतं. या मापाला दुसरा काही पर्याय काढता येईल का, याचाही त्यांनी अलीकडे पुन्हा विचार केला. २०१५ च्या अहवालात निष्कर्ष निघाला, की माप अपुरं आहे, पण सगळ्यांना चालेल असं दुसरं अजून तयार नाही. युरोपने आपल्या परीने वेगळी वाट काढली. तिथे वर्षाला ६० क्रेडिट असतात, आणि एकेका क्रेडिटमागे विद्यार्थ्याचे स्वतःचे २५ ते ३० तास धरतात, वर्गातले आणि घरचे मिळून. भारताच्या २०२३ च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यानेही हाच रस्ता धरला आहे. वर्षाला ४० क्रेडिट, म्हणजे शिकण्याचे १,२०० तास. एका क्रेडिटला तीस.

महाराष्ट्राच्या नव्या रचनेतली मला सगळ्यात मोलाची वाटणारी अट म्हणजे मुलं जिला ‘ओई’ म्हणतात ती, ओपन इलेक्टिव्ह. हे १० ते १२ क्रेडिट आपल्या शाखेबाहेरचेच घ्यावे लागतात. विज्ञानाच्या मुलाला वाणिज्य किंवा मानव्यविद्यांकडे जावंच लागतं, कलाशाखेच्या मुलीला विज्ञान किंवा वाणिज्याकडे. प्रत्यक्षात काय होतं? तालुक्याच्या कॉलेजात एकच शाखा असेल, शिक्षकांच्या जागा रिकाम्या असतील, तर यादीत दोन-तीनच पेपर येतात आणि सगळा वर्ग त्यांतला एक घेतो. निवड कागदावर राहते. शिक्षक भरल्याशिवाय ही अट खरी होणार नाही, आणि हे सांगत राहायलाच हवं.

तोवर एक दार उघडं आहे. केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या ऑनलाइन मंचावर आयआयटींसकट देशभरातल्या संस्थांचे पेपर आहेत, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमानुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट विद्यापीठं तिथून मान्य करू शकतात. मिळवलेले क्रेडिट ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मध्ये विद्यार्थ्याच्या नावावर जमा होतात आणि सात वर्षांपर्यंत धरले जातात. पहिल्या वर्षानंतर शिक्षण सुटलेली मुलगी दोन-तीन वर्षांनी परत आली, तरी तिचे भरलेले तास बुडत नाहीत. ज्यांच्या घरात यंदा कोणी एफवायला आहे, त्यांनी ओई निवडायच्या आधी कॉलेजला दोन गोष्टी जरूर विचाराव्यात: ‘स्वयम्’चे कोणते पेपर तुम्ही मान्य करता, आणि नाव नोंदवायची शेवटची तारीख कोणती. त्या परीक्षेला केंद्रावर जाऊन बसावं लागतं, त्यामुळे जवळचं केंद्र कुठलं तेही बघून ठेवावं.